फुरफुऱ्या वर गेला की खाली?

बाबा : खाली गेलंय म्हणतेस?

लेक : मी नाही म्हणत, बाबा. चित्र म्हणतंय.

बाबा : मग चित्राला माझा नमस्कार सांग. म्हणावं, निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तरी वर कुठे आणि खाली कुठे एवढं अजून कळतं म्हाताऱ्याला.

लेक : रागावू नका हो. हे बघा, हा निळा डाग म्हणजे आपला फुरफुऱ्या, ही चिखलाची टेकडी. उपग्रहाने भूकंपाच्या आधी एकदा बघितलं आणि भूकंपानंतर पाचव्या दिवशी एकदा. दोन्हींतला फरक म्हणजे हे चित्र. तेवढ्या दिवसांत हा अख्खा उतार उपग्रहापासून नऊ सेंटिमीटर लांब गेलाय. वरून बघणाऱ्यापासून लांब गेला, म्हणजे खाली बसला.

बाबा : किती उंचीवरून बघतो तो?

लेक : सातशे किलोमीटर.

बाबा : सातशे किलोमीटरवरून नऊ सेंटिमीटर! अगं, ऐकतेस का? तुझी लेक आकाशातून तुझ्या चिखलघराचा उंबरठा मोजते. आणि तुला काल डोक्यावरचा चष्मा सापडत नव्हता.

आई : चष्मा तुमचा होता. डोकंही तुमचंच. आणि भांडायचं असेल तर जरा तिकडच्या बाकावर बसा. मला टब धुवायचेत. दहा वाजता माझ्या अकरा जणी येतील गुडघे धरून, चिखलात बसायला.

लेक : आई, त्याचसाठी आलेय मी. आज दुपारपर्यंत मला मोजणीच्या ऑफिसला कळवायचंय. खाली बसतंय असं लिहिलं तर टेकडीला कुंपण पडेल आणि चिखलघराला कुलूप.

आई : कुलूप? कशाला? भूकंपाला एकोणीस दिवस होऊन गेले. त्या दिवशी कपबशी फुटली नाही माझी. तोही इथे कुठे झाला, साठ किलोमीटरवर झाला.

लेक : कपबशी नाही फुटली, पण टेकडीला नवीन तोंड फुटलं ना? माणसाच्या उंचीएवढा चिखल उडत होता म्हणे दोन दिवस.

आई : उडत होता. आता दमलाय. फुरफुऱ्या आहे तो, फुरफुरणारच. माझ्या लग्नाच्या आधीपासून फुरफुरतोय. थंडगार चिखल, रॉकेलसारखा वास आणि बुडबुडे. कुणाच्या अंगावर नाही आला कधी.

बाबा : आणि खालीही नाही गेला. साहेब, लिहून घ्या तुमच्या वहीत. मोजणीचा सात नंबरचा दगड, म्हणजे तो उंबरठ्याशी आहे ना, तो. चार सेंटिमीटर. वर.

लेक : वर?

बाबा : व र. भूकंपानंतर चौथ्या दिवशी मी स्वतः लेव्हल लावली.

लेक : तुम्ही लेव्हल लावली? कुठली लेव्हल? ही दगडांची लाइन ऑफिसने सहा वर्षांपूर्वी बंद केली.

बाबा : ऑफिसने केली. मी नाही केली.

लेक : आणि यंत्र?

बाबा : भंगारात काढलं होतं. मी म्हटलं, आम्हा दोघांना एकाच दिवशी काढताय, तर एकत्रच जाऊ दे घरी.

लेक : बरं. पण लेव्हलला दोन माणसं लागतात. एक भिंगातून बघणार, दुसरं समोरच्या दगडावर पट्टी उभी धरणार. पट्टी कोण धरतं?

बाबा : आहे एक कर्मचारी.

लेक : कोण?

आई : मी. अशी काय बघतेस? दर महिन्याचा पहिला रविवार. शाळेच्या पायरीपासून इथपर्यंत नऊ दगड. मी पट्टी धरते आणि हे लांबून ओरडतात, 'सरळ धर, झोपतेस काय!' सगळ्या टेकडीला ऐकू जातं.

लेक : फोनवर तर तुम्ही म्हणायचात, फिरायला गेलो होतो!

आई : फिरतच होतो की. दगडा-दगडाने.

लेक : सहा वर्षं? आणि मला एका शब्दाने बोलला नाहीत?

बाबा : तुला कशाला बोलायचं? लाइन बंद करण्याचा अहवाल कुणी लिहिला होता?

लेक : बाबा, मला लिहायला सांगितला होता. मी नवीन होते.

बाबा : 'यापुढे या क्षेत्रात माणसांकरवी मोजणीची आवश्यकता उरलेली नाही.' पान चार, खालून दुसरी ओळ.

लेक : तुम्ही वाचलात तो?

बाबा : वाचला. 'आवश्यकता' ऱ्हस्व काढली होतीस.

लेक : त्यात ऱ्हस्व-दीर्घ काही नसतंच!

बाबा : मग दुसरं काहीतरी चुकलं होतं. पण चुकलं होतं.

आई : झालं? आता मला कुणीतरी सांगा. ही म्हणते खाली, हे म्हणतात वर. मी टब कुठे ठेवू?

लेक : आई, एक मिनिट. बाबा, तुम्ही मोजायला सुरुवात शाळेच्या पायरीपासून केलीत. समजा, भूकंपात ती पायरीच खाली बसली असेल तर? मग तिच्या मानाने बाकीचं सगळं वर आल्यासारखं दिसणार.

बाबा : छान प्रश्न. पहिल्या वर्षाच्या पोराला शोभेल असा. शाळा खडकावर आहे. शाळेमागचं आपलं घर त्याच खडकावर. एक ते चार नंबरचे दगड खडकावर, आणि त्या चौघांत केसाइतका फरक पडलेला नाही. पाच नंबरनंतर चिखलाची जमीन सुरू होते आणि तिथून पुढे उंची वाढत जाते. आता माझा प्रश्न. तुझा उपग्रह ढगांतून बघतो. हवा दमट असली की तो फसतो की नाही?

लेक : फसतो कधीकधी. पण एवढा नाही. आणि हवेने फसला असता तर शाळाही निळी दिसली असती. शाळा बघा, पांढरी आहे. जिथल्या तिथे.

बाबा : हं.

लेक : हं म्हणजे?

बाबा : हं म्हणजे हं. तुझं चुकलेलं नाही असं वाटतंय.

लेक : तुमचंही चुकलेलं वाटत नाही.

आई : अगं बाई! हे लिहून ठेवा कुणीतरी, तारीख घालून.

लेक : पण दोन्ही बरोबर कसं असेल? एकच उंबरठा चार वर आणि नऊ खाली?

आई : तो उपग्रह बघतो कुठून? डोक्यावरून?

लेक : अगदी डोक्यावरून नाही. जरा तिरका. तो पलीकडे असतो, पश्चिमेला, आणि तिकडून वाकून इकडे बघतो.

आई : म्हणजे समोरच्या गच्चीवरून आपल्या अंगणात बघणाऱ्या शेजारणीसारखा.

लेक : अगदी तस्सा.

आई : मग मी अंगणात खाली बसले तर तिच्यापासून लांब जाईन, बरोबर. पण बसले नाही, नुसती उठून मागच्या भिंतीकडे सरकले, तरी लांबच जाईन की.

लेक : आई, आमच्या ऑफिसात तू का नाही लागलीस?

बाबा : बाजूला. अरे देवा! बाजूला सरकलंय. माझी लेव्हल फक्त वर-खाली बघते. जमीन मैलभर आडवी गेली तरी तिला पत्ता लागायचा नाही.

लेक : आणि माझा उपग्रह तिरका बघतो, त्यामुळे खाली आणि आडवं यांत त्याचा गोंधळ होतो. दुसऱ्या बाजूने बघितलेलं चित्र हातात असतं तर कळलं असतं. ते अजून आलेलं नाही. म्हणून मी आपलं धरून चालले की खाली गेलंय. थांबा, कागद द्या. तुमचे चार वर...

बाबा : तिरकेपणा किती अंश?

लेक : चाळीस.

बाबा : कोसाइन चाळीस, शून्य पूर्णांक सातशे सहासष्ट. चार गुणिले ते, तीन पूर्णांक शून्य सहा. वर आल्यामुळे तेवढं तुझ्या उपग्रहाच्या जवळ यायला हवं होतं.

लेक : पण दिसतंय नऊ लांब. म्हणजे आडव्या सरकण्याने बारा पूर्णांक शून्य सहा भरून काढले. भागिले साइन चाळीस...

बाबा : शून्य पूर्णांक सहाशे त्रेचाळीस.

लेक : तोंडपाठ आहे तुम्हाला?

बाबा : तुझ्या जन्माच्या आधीपासून. अठरा पूर्णांक आठ.

लेक : एकोणीस सेंटिमीटर. पूर्वेकडे. चार वर आणि एकोणीस बाजूला! बाबा, हे भारी आहे!

बाबा : भारी काय त्यात, साधी त्रिकोणमिती आहे. पण भारी आहे.

आई : पण जमीन वर का आली, ते सांगा ना. भूकंपाने खाली बसते असंच ऐकलंय मी.

लेक : बसते ना, पण इथे खाली काय आहे बघ. वर हा वाळलेला कडक थर आणि त्याखाली खोल खोल पाणी, चिखल आणि कोंडलेला वायू. तुझ्या या टबात तळाशी चिखल घट्ट बसलाय. त्यावर हा दगड ठेवते. बुडला का?

आई : नाही बुडला. आणि तो दगड माझा आहे, टाच घासायचा.

लेक : आता टबाला बाहेरून धक्के देते. धप, धप, धप. बाबा, त्या बाजूने तुम्ही मारा.

बाबा : मी? या वयात टबाला लाथा?

लेक : शास्त्रासाठी.

बाबा : बरं. शास्त्रासाठी.

आई : अहो, हळू! साठीच्या पुढचा माणूस टबाला लाथा मारतोय. रस्त्यावरून कुणी बघितलं तर मला काय म्हणतील?

लेक : बघ! दगड बुडाला आणि वर पाणी आलं. चिखल तोच, पण हादरल्यावर त्याची पकडच गेली. घट्टाचा पातळ झाला. भूकंपाने फुरफुऱ्याच्या पोटात हेच केलं असणार. चिखल पातळ झाला, बुडबुडे सुटले, सगळ्याचा दाब वाढला आणि ते वर यायला बघू लागलं.

आई : म्हणजे दूध उतू जायच्या आधी साय फुगते, तसं.

लेक : हो. तसंच.

आई : आणि फुगलेली साय एका बाजूला घसरते. पातेलं जरा कललेलं असलं की बघायला नको.

बाबा : साहेब, तुमचा अहवाल हिच्याकडून लिहून घ्या. तीन ओळींत संपेल.

लेक : मला पटतंय ते. सायीत एक जुनी भेग असणार, या चिखलघराच्या आणि वरच्या पाण्याच्या टाकीच्या मध्ये कुठेतरी. टाकी खडकावर आहे, ती जागची हलली नाही. खालच्या बाजूचा हा सगळा उतार त्या भेगेवरून घसरला. पण हे आपण हिशेबाने काढलंय. आडवं सरकल्याचा डोळ्यांनी दिसणारा पुरावा हवा. भिंतीला तडा, वाकलेला खांब, काहीतरी. आई, तू रोज इथे असतेस. काही बघितलंस?

आई : टब तिरके झालेत. पूर्वी काठोकाठ भरला की चारी बाजूंनी सांडायचा, आता भिंतीकडूनच सांडतो. मी खाली लाकडाचा तुकडा सरकवला.

लेक : हे कळलं की जमीन कलली. सरकली ते नाही कळत. आणखी?

आई : आणखी काय...

बाबा : अगं, टाकीपासून इथे येणारा नळ. त्याचं काय झालं होतं भूकंपाच्या दिवशी? नळवाला आला होता ना?

आई : आला होता. नळ सांध्यातून निघाला होता.

बाबा : मग?

आई : मग काय? पोचेना. जुना नळ ओढून ओढून दमला बिचारा. शेवटी मध्ये रबरी नळीचा तुकडा घातला.

लेक : केवढा तुकडा?

आई : वीतभर. जरा कमीच.

बाबा : टेप! माझा टेप कुठे आहे?

आई : तुमच्या खिशात. दोन्ही खिशांत एकेक आहे.

बाबा : चल, साहेब. वाक. दोन्ही सांध्यांमधलं अंतर घे. टेप ताठ धर. झोपतेस काय!

लेक : धरलाय ताठ. वाचा.

बाबा : एकोणीस. अगं, एकोणीस! हिशेबात अठरा पूर्णांक आठ आणि नळवाल्याच्या रबरात एकोणीस!

लेक : दोन मिलिमीटर नळवाल्याची चूक!

बाबा : दोन मिलिमीटर त्याला माफ! द्या टाळी! आकाशातून बघा नाहीतर जमिनीवरून बघा, आकडा एकच. काय गं, तू का हसत नाहीस? तुझ्या शेजारणीनेच सोडवलंय हे.

आई : हसतेय की.

लेक : आई?

आई : तुम्ही जरा इकडे बघा. अजून पुढे. टाकीकडे. हाही तुकडा मोजा.

लेक : हा दुसरा? हा कधी घातला?

आई : परवा. परवा सकाळी परत निघाला होता नळ.

बाबा : तीन.

लेक : तीन सेंटिमीटर. बाबा, परवा भूकंप नव्हता.

बाबा : नव्हता.

लेक : मधल्या सतरा दिवसांत एकही धक्का नाही. म्हणजे अजून सरकतंय. आपोआप.

बाबा : तू बोलली का नाहीस?

आई : कुणाशी बोलू? तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही महिनाभर दगड मोजत बसला असतात. हिला सांगितलं असतं तर ही कुलूप घेऊन आली असती. आणि आलीच की. मला वाटलं, रबर आहे, ताणलं जाईल. तेवढ्यात थांबेल तो.

लेक : आई, आत अकरा बायका बसतात.

आई : मला माहीत आहे किती बसतात! मीच बोलावते त्यांना. तीन वर्षांपूर्वी टपालवाल्या बाईंना माझ्या या तीन पायऱ्या चढवत नव्हत्या. आता स्वतःच्या पायाने येतात. चिखलाने झालं की इथे बसून सुनांच्या चहाड्या सांगितल्याने झालं, ते मला विचारू नका. पण येतात. कुलूप लागलं की त्या घरी बसतील. मीही बसेन. मग काय बघायचं दिवसभर? यांचं तोंड?

बाबा : साहेब, लिहा. चिखलघर आजपासून बंद.

आई : तुम्ही म्हणताय हे? आत्ता तर 'वर आलंय, वर आलंय' म्हणून नाचत होतात.

बाबा : नाचत होतो. मला जिंकायचं होतं. पोरीशी. सात नंबरचा आकडा माझ्या वहीत आल्यापासून मी वाट बघत होतो, ही कधी येते आणि मी कधी तोंडावर मारतो. त्या नादात तुझा नळ निघाला आणि मला कळलं नाही. माझ्या घरातला नळ. मी मोजणीवाला.

आई : आता रडू नका तुम्ही.

बाबा : रडत नाही. चिखलाचा वास डोळ्यांत जातो.

लेक : बाबा, मीही चुकले. मी चित्र बघून निघाले आणि आल्याआल्या तुमच्याशी भांडायला बसले. आधी आईला विचारायला हवं होतं.

आई : बरं, सगळे चुकले. पण दहाला आता पंचवीस मिनिटं आहेत. मी त्यांना सांगू काय?

बाबा : सांग, जागा बदलली.

आई : कुठे? आभाळात?

बाबा : आपल्या गॅरेजमध्ये.

आई : तुमच्या गॅरेजमध्ये?

लेक : बाबा, तिथे तुमच्या वह्या आहेत. नकाशे, ते यंत्र... मला लहानपणी तिथे सायकल ठेवू देत नव्हता तुम्ही.

बाबा : टब सहा आहेत. मोठं कपाट बाहेर काढलं तर बसतील. खडकावर आहे. चिखल बादल्यांनी न्यावा लागेल, पण तो खालच्या ओढ्याशी आपणहून वाहत येतोच. टेकडीवर चढायची गरज नाही.

आई : आणि तुम्ही कुठे बसणार?

बाबा : बाहेर. खुर्ची टाकून. पावती फाडतो तुझी.

आई : पावती नको. नुसते पाय पुसायला फडकी द्या बायकांना, तेवढं खूप झालं.

लेक : पण हे टब तिथवर न्यायचे कसे? लोखंडी आहेत.

आई : बेकरीवाल्याची व्हॅन सकाळी मोकळी असते. आणि उचलायला अकरा जणी येतायत की.

लेक : गुडघे दुखणाऱ्या?

आई : तीन वर्षं माझा चिखल लावतायत. फरक पडलाय की नाही, आज कळेलच.

(बारा दिवसांनंतर, रविवारी सकाळी. घराचं अंगण.)

लेक : आणि बाक? तोही गेला?

आई : सगळंच गेलं गं. फरशी मधोमध उकलली, लाडू फोडावा तशी, आणि आतून चिखल वर आला. पश्चिमेची भिंत त्याच्यावर हळूच आडवी झाली. आवाजसुद्धा नाही केला. मंगळवार, सव्वादहा वाजता. टपालवाल्या बाई टब नंबर दोनमध्ये बसायच्या ना, बरोबर तिथे.

लेक : कुणी बघितलं?

आई : यांनी. कुंपणाबाहेरून. घरी आले, खुर्चीत बसले आणि बायकांना फडकी द्यायची विसरले. मला वाटलं, उन्हाने झालं असेल. मग म्हणाले, तुझं घर पडलं. मी म्हटलं, कुणाला लागलं का? नाही म्हणाले. म्हटलं, मग फडकी द्या.

बाबा : तसं नव्हती म्हणाली. आधी हात धरला माझा.

आई : ते सांगायचं नव्हतं.

लेक : बायका काय म्हणतायत नव्या जागेला?

आई : कुरकुरतात. इथून टेकडी दिसत नाही, वारा नाही, ग्रीसचा वास येतो. मुख्याध्यापिका बाई तेवढ्या खूश. म्हणतात, भिंतीवरचे नकाशे वाचत बसते, वेळ जातो. त्यांनी यांच्या नकाशात एका ओढ्याचं नाव चुकलेलं काढलं.

बाबा : ते छापणाऱ्याचं चुकलं होतं.

लेक : बाबा, ऑफिसला तुमच्या वह्या हव्यात. सहाच्या सहा वर्षांच्या. आमचे मोठे साहेब स्वतः म्हणाले, भूकंपाच्या आधीपासून इतकं नीट मोजलेलं फुरफुरणारं ठिकाण दुसरं त्यांना माहीत नाही. आणि लाइन परत सुरू करायची म्हणतायत. तुम्ही कराल का, असं विचारायला सांगितलंय.

बाबा : मी करतोच आहे.

लेक : अधिकृतपणे.

बाबा : अधिकृतपणे केलं की रविवारी सुट्टी द्यावी लागेल हिला.

आई : मला सुट्टी नको, बढती हवी. सहा वर्षं पट्टी धरली. यांनी मला एकदाही भिंगातून बघू दिलं नाही. 'तुला वाचता येणार नाही.' सुईत दोरा ओवते मी अजून, बिनचष्म्याची.

बाबा : आज दिली ना बढती? वही तुझ्याकडे. खुर्चीत बस आणि लिही.

लेक : मग पट्टी कोण धरणार?

बाबा : मी.

लेक : तुम्ही? आणि भिंगापाशी?

बाबा : आता तिसरं कोण आहे इथे? शाळेच्या पायरीचा दगड आणि गॅरेजच्या दारात मी काल पुरलेला नवा दगड. दोन्हींतला फरक काढायचा. महिन्यातून एकदा नाही, दर रविवारी. ज्या खडकावर सगळे टब आणून ठेवलेत, तो तरी जागेवर आहे ना, बघायला नको?

लेक : काल पुरलात तर आज काय फरक बघणार? आधीचा आकडा कुठे आहे?

बाबा : काल संध्याकाळी घेतला एकदा. हिने लपवून ठेवलाय वहीत. तुला आधी सांगितला तर तू तोच वाचशील.

लेक : मी?

बाबा : सगळेच वाचतात. चल, तिपाई लाव. यंत्राच्या नळीतला बुडबुडा मध्ये आण. घाई नको. हं, मी पायरीवर उभा आहे. वाच.

लेक : एक पूर्णांक सहाशे चव्वेचाळीस.

आई : लिहिलं.

बाबा : आता यंत्राला हात लावू नकोस. मी गॅरेजकडे येतो... आलो. पट्टी दगडावर. वाच.

लेक : सरळ धरा, बाबा. डावीकडे झुकलीय.

आई : आहाहा. परत एकदा म्हण गं.

बाबा : सरळ आहे आता?

लेक : आता आहे. एक पूर्णांक चारशे सव्वीस.

आई : थांबा हं, वजाबाकी करते. दोनशे अठरा. आणि कालचे... दोनशे अठरा.

लेक : म्हणजे घर जागेवर आहे.

आई : हुश्श.

लेक : पण मी किती वर्षांनी हे यंत्र हातात घेतलंय. बाबा, या ना, एकदा तुम्ही बघून घ्या.

बाबा : तू नीट बघितलंस?

लेक : बघितलं.

बाबा : मग मी कशाला पट्टी सोडू? लिही गं, चारशे सव्वीस.